गोरक्षचा पेंटियम

नगरजवळच्या केडगावातल्या दोन खोल्यांच्या त्या घरात कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीपासून त्याची जागा ठरलेली होती. खिडकीखाली एक टेबल, टेबलावर सुमननं शिवलेलं फुलाफुलांचं झाकण, आणि झाकणाखाली काही नाही. पाहुणा आला की त्याची नजर तिकडे जायचीच. मग सुमन चहाचा कप पुढे करत सांगायची, "आमच्या ह्यांचा कॉम्प्युटर हाय तो. अजून यायचाय."

गोरक्ष हसायचा. हे हसणं त्याला फार बरं पडायचं. सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात तो नकाशे काढायचा, आणि त्या कामानं त्याला एक खोड लावून दिली होती. कुठलीही वस्तू त्याला आधी वरून दिसे. ताटातली भाकरी दिसे तीही वर्तुळ, अंगण म्हणजे चौकोन, बायको म्हणजे डोक्याच्या मधोमध काढलेला भांग. कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून तो माळरानाकडे बघत राही आणि मनातल्या मनात बसच्या छपरावरून उठून वर वर जाई. दोनदा तर त्याचा स्टॉप मागे पडला आणि ड्रायव्हरनं शिव्या घालत बस थांबवली. स्वभावानं गडी सोन्यासारखा होता, फक्त जमिनीवर क्वचित असायचा.

चौऱ्याण्णव सालच्या खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. त्या दिवशी कामगारांनी बायकामुलांना आणायचं, अशी तिथली रीत. लेथ मशीनला हार, क्रेनला हार, आणि ड्रॉइंग ऑफिसातल्या नव्या कॉम्प्युटरलाही झेंडूची माळ आणि हळदीकुंकवाची बोटं. साहेब जेवायला गेल्यावर तिथल्या एका इंजिनियरनं गंमत म्हणून विमान उडवायचा खेळ लावला. गोरक्षची मुलगी ज्ञानेश्वरी तेव्हा सहावीत होती. तिला खुर्चीत बसवलं. मुंबईच्या धावपट्टीवरून विमान उठलं, आणि पोरीनं खुर्चीचे हात घट्ट धरले.

"पप्पा, तिसगावला न्या ना."

तिसगाव म्हणजे गोरक्षचं गाव, पाथर्डी तालुक्यातलं, डोंगरांच्या कुशीतलं. त्यानं विमान पूर्वेला वळवलं. मुंबई संपली आणि खाली नुसती तपकिरी सपाट जमीन सुरू झाली. ना घाट, ना डोंगर, ना मढीचा गड. कितीही पुढे गेलं तरी तेच.

"आपलं गाव न्हाई ह्यात?"

"न्हाई गं. त्यांनी काढलंच न्हाई."

"मग आपण काढू की. तुम्हाला येतंच की काढायला."

गोरक्षच्या अंगावर काटा आला. इतकी सरळ गोष्ट त्याला कधी सुचली नव्हती. येताना बसमध्ये त्यानं पोरीला शब्द दिला: घरी कॉम्प्युटर घेऊ, करंजी घाटापासून मढीपर्यंत सगळे डोंगर त्यात घालू, आणि दोघं मिळून तिसगाव वरून बघू. ज्ञानेश्वरी त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, आणि त्या दिवशी स्टॉप चुकला त्याचं गोरक्षला काहीच वाटलं नाही.

आता कॉम्प्युटर घ्यायचा तर कुठला?

नगरला सावेडी रस्त्यावर भीमराजचं दुकान होतं. सुटे भाग आणून तो कॉम्प्युटर जुळवून देई. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली स्क्रू, वायरी आणि उघडी पडलेली डबडी. भीमराज बोलायला मोकळा आणि घाई करणाऱ्याचा दुष्मन होता, निदान पहिल्या वर्षी तरी. त्यानं गोरक्षला समजावलं. सगळा खेळ प्रोसेसरचा. बोटाच्या दोन पेरांएवढा चौकोन, खाली टाचण्यांसारखे पाय. गोरक्षला शनिवार-रविवारी घरी शेडचे नि गेटचे नकाशे काढून द्यायचे होते, आणि विमानही उडवायचं होतं. दोन्ही कामांना अपूर्णांकांची गणितं लागतात, तीही झपाट्यानं. डोंगराचा प्रत्येक उतार म्हणजे एक गणित, आणि विमान जरा कलंडलं की ती सगळी पुन्हा करायची.

"फोर एटी सिक्स चालंल का?" गोरक्षनं विचारलं.

"चालंल. पन गोरक्षभाऊ, पेंटियम आलाय. जरा महाग हाय, उतरंल. घाई कशाला?"

घाई कशाला, हे शब्द गोरक्षच्या कानाला ओळखीचे वाटले. त्याचे वडील सहादेवआबा तिसगावच्या बाजारात बैलांची दलाली करायचे. लहानपणी गोरक्ष त्यांचं धोतर धरून बाजारभर हिंडला होता. गिऱ्हाइकाचा हात रुमालाखाली धरून बोटांनी भाव सांगायचा, ही आबांची कला. पण खरी कला त्याआधीची. बैलाचे दात बघायचे, खूर बघायचे, चालवून बघायचा, गाडीला जुंपून बघायचा, आणि सगळं पसंत पडलं तरी मान हलवून म्हणायचं, "बघू, फुडल्या बाजाराला." पुढच्या बाजाराला त्याहून चांगला बैल येतो, नाहीतर तोच बैल स्वस्तात येतो. आबांना या बाबतीत कधी कुणी फसवलं नव्हतं. गोरक्षला जगात वस्तू विकत घेण्याची हीच एक पद्धत माहीत होती.

तेव्हा त्यानं भीमराजलाही मान हलवून सांगितलं, "बघू. फुडल्या बाजाराला."

पुढच्या बाजाराला पेंटियम उतरला. पण तोवर त्याहून वेगाचा आला होता. तो उतरेस्तोवर आणखी वेगाचा. मग एका दुसऱ्याच कंपनीचा आला, आकडा मोठा आणि किंमत कमी. गोरक्ष महिनाभर त्याच्या प्रेमात होता. शेवटी भीमराजनंच सांगितलं की टायपिंगला, हिशेबाला तो पळतो, अपूर्णांकात मात्र धापा टाकतो, तुमचा डोंगर त्याला चढवायचा न्हाई. गोरक्षनं सुटकेचा श्वास सोडला. एखादी चूक होता होता वाचलो, याचा त्याला वस्तू मिळण्याइतकाच आनंद व्हायचा.

आणि खरं सांगायचं तर ती वर्षं वाईट नव्हती. उलट फार गोड होती. पाटबंधारे खात्यातल्या एका ओळखीच्याकडून गोरक्षनं डोंगरांच्या उंचीच्या रेषा असलेला नकाशा मिळवला. रविवारी दुपारी बाप-लेक तो जमिनीवर पसरून त्यावर पोटावर पडायची आणि ट्रेसिंग पेपरवर एकेक रेष उतरवायची. जवळजवळ आलेल्या रेषा म्हणजे उभा कडा, लांब गेल्या की पठार. ज्ञानेश्वरीचं बोट रेषेवरून फिरताना मध्येच थांबायचं, "पप्पा, इथं पाणी साचत असणार ना?" आणि तिथं खरंच पाझर तलाव असायचा.

ऊन उतरलं की दोघं गच्चीवर जायची. पूर्वेला डोंगरावर चांदबिबीचा महाल दिसायचा. तो दिसला की उड्डाण सुरू.

"डोळे मीट. सुटलो. खाली नगरचा किल्ला बघ, त्याचा खंदक बघ, हिरवागार. आता महालाच्या वरून चाललोय. महालाच्या खिडक्यांतून आरपार दिसतंय?"

"दिसतंय. पन खडबड करतंय विमान."

"करनारच. फोर एटी सिक्सवर हाय आपन."

दोघं खूप हसायची. प्रोसेसर जसजसा बदलत गेला तसतसं हे उड्डाणही बदललं. पेंटियम आला तेव्हा विमानाचे हिसके थांबले. त्याचाच सुधारलेला भाऊ एमएमएक्स आला त्या वर्षी शेतांना रंग आले, हरभऱ्याचा वेगळा, ज्वारीचा वेगळा. पेंटियम टूची बातमी वाचली त्या रविवारी गोरक्षनं सांगितलं की आता ढगांची सावली खाली डोंगरावर पडणार, आणि ज्ञानेश्वरी डोळे मिटूनच म्हणाली, "आनि ती आपल्यासंगं चालनार." करंजी घाट ओलांडला की वाऱ्याची दिशा बदलायची, मग मढीच्या गडाचे कळस, मग चिंचा, मग तिसगावच्या बाजाराची पालं, वरून वाळत घातलेल्या गोधड्यांसारखी. इथं आलं की दोघं गप्प व्हायची. उतरायची घाई कुणालाच नसायची.

सुमन खालून हाक मारायची, "ओ पायलट, दळन आणायचंय!" तिला कधी कुणी गच्चीवर बोलावलं नाही. तिनंही कधी विचारलं नाही. कपडे वाळत घालायला ती वर यायची तेव्हा या दोघांचे मिटलेले डोळे बघून एखादा शर्ट मुद्दाम त्यांच्या तोंडासमोर टांगायची, तेवढंच.

नववीत गेल्यावर ज्ञानेश्वरी गच्चीवर यायची थांबली. भांडण वगैरे काही नाही. एका रविवारी तिला क्लास होता, पुढच्या रविवारी मैत्रीण आली, मग परीक्षा. गोरक्ष वर जाऊन महालाकडे बघत उभा राही आणि मनात म्हणे, कॉम्प्युटर आला की येईल. खरंखुरं दिसायला लागलं की कशी येणार नाही? आता तर साधा घेऊन भागणारच नाही, तिला दिपवून टाकील असाच पाहिजे. म्हणून तो आणखीनच निवडक झाला. मासिकांतले तक्ते पाठ झाले. भीमराजच्या दुकानात तो चहाला बसला की नवी गिऱ्हाइकं त्यालाच मालक समजत. भीमराज वैतागायचा. "गोरक्षभाऊ, तुमी पसंत केलेला माल म्या दुसऱ्या चाळीस जनांना इकला. तुमचंच टेबल तेवढं रिकामं ऱ्हायलं."

नव्याण्णवच्या जूनमध्ये ज्ञानेश्वरी दहावी झाली, चांगल्या मार्कांनी. पुण्याला पॉलिटेक्निकला जाणार, होस्टेलला राहणार, हे ठरल्यातच जमा होतं. नातीचं कौतुक करायला सहादेवआबा पेढे घेऊन तिसगावहून आले. दुसऱ्या दिवशी गोरक्ष त्यांना घेऊन भीमराजकडे गेला. पोरगी जायच्या आत निवड करायचीच होती, आणि निवड करायची तर आबांहून जाणता माणूस कोण?

भीमराजनं पेंटियम टू पुढे ठेवला. हा पूर्वीसारखा टाचण्यांचा चौकोन नव्हता, काळ्या कॅसेटसारखा चपटा डबा होता. आबांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला.

"दात कुठं ह्येचे?"

"दात न्हाईत आबा. चारशे मेगाहर्ट्झ हाय. डोंगर लोण्यावानी वढंल," भीमराज म्हणाला. मग सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "पन पेंटियम थ्री आलाय मार्केटात. ह्येचा भाव खाली येनार."

गोरक्षची मान आपोआप हलायला लागली. "मग बघू. फुडल्या..."

आबा हसले. खोकला येईपर्यंत हसले. "आरं, ह्ये कुठं शिकला तू?"

"तुमच्याकडनंच की."

"माझ्याकडनं?" आबांनी डबा काउंटरवर ठेवला. "आपल्या दारात कवा बैल बांदल्याला पाह्यलाय का रं?"

गोरक्ष आठवायला लागला. वाड्याचं दार आठवलं, शेळी आठवली, कोंबड्या आठवल्या. बैल काही आठवेना.

"न्हाई आठवनार. नव्हताच," आबा म्हणाले. "मी दलाल मानूस, मला बाजार फिरायची गोडी. तुझी आई म्हनायची, एक जोडी आपल्याला घ्या. मी म्हनायचो, फुडल्या बाजाराला. दोन एकराचं रान आपलं, सदा दुसऱ्याच्या बैलांनी नांगरलं, त्येंची सवड हुईल तवा. मागास पेरा, मागास पीक. म्हातारी बोलून बोलून थकली." ते हे सगळं हसतच सांगत होते. त्यांच्या मते ती एक जुनी गंमत होती.

गोरक्षला मात्र ती गंमत वाटली नाही. पाच वर्षं तो ज्याला शहाणपण समजत होता ते बाजारात हिंडायची हौस निघाली. आणि पोरगी तर पुढल्या महिन्यात चालली. त्यानं तो काळा डबा उचलला आणि छातीशी धरला, जणू कुणी हिसकावून घेईल. "भीमराज, हाच. आजच जुळव."

"भाव उतरनार हाय म्हनलं की मी."

"उतरू दे."

झाकण निघालं. टेबलावर कॉम्प्युटर बसला, सुमननं त्याला हळदीकुंकू लावलं. पण डोंगर काही वस्तूसारखे विकत मिळत नव्हते. मासिकाबरोबर आलेल्या एका सीडीवर खेळात नवी जमीन घालायची सोय होती, आणि प्रत्येक रेष, प्रत्येक उंची हातानं भरावी लागत होती. कामावरून आल्या आल्या गोरक्ष बसायचा. ज्ञानेश्वरी फॉर्म, प्रवेश, बॅग यांत गुंतलेली. करंजी घाट अर्धा झाला तेव्हा तिची एसटी सुटली. खिडकीतून ती म्हणाली, "दिवाळीला येते ना पप्पा, तेव्हा दाखवा." तिनं अगदी प्रेमानं सांगितलं होतं. गोरक्ष एसटी स्टँडवर तसाच उभा राहिला आणि मागच्या गाडीनं हॉर्न देऊन त्याला बाजूला केलं.

दिवाळीपर्यंत त्यानं सगळं पुरं केलं. घाट, मढीचा गड, पाझर तलाव, बाजारतळ. प्रोसेसर खरोखर गुणी निघाला. एवढे डोंगर पाठीवर घेऊनही विमान कुठं अडखळत नव्हतं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं ज्ञानेश्वरीला खुर्चीत बसवलं. ती उंच झाली होती, केस कापले होते. तिनं सराईतपणे विमान उचललं, महाल ओलांडला, घाटातून सफाईनं वळण घेतलं. गोरक्ष पडद्याकडे बघत नव्हता, तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"कुठं शिकलीस गं एवढं?"

"लॅबमध्ये. आम्ही मैत्रिणी सारखं खेळतो. न्यूयॉर्क, पॅरिस..." तिसगाव आलं. तिनं गावावरून एक फेरी मारली. "छान झालंय पप्पा. खूपच छान. किती मेहनत घेतलीत तुम्ही!"

शेजाऱ्यापाजाऱ्यांचा फराळ खाऊन ती असंच म्हणायची. गोरक्षनं ते बरोबर ओळखलं. पोरीचा दोष नव्हता, पोरीचं मन कुठंही वाकडं नव्हतं. सहावीतल्या ज्या मुलीला तिसगाव बघायचं होतं ती आता नव्हतीच, आणि ती होती तोवर हा माणूस बाजार बघत हिंडत होता. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जा, मैत्रीण वाट बघत असंल."

ती गेली. गोरक्ष खुर्चीत बसला. विमान आपलं आपण तिसगाववरून पुढे चाललं होतं, बाजारतळ मागे पडला, शेवटची टेकडी मागे पडली. जिथं त्याचा नकाशा संपला होता तिथून ती जुनी तपकिरी सपाट जमीन सुरू झाली. बंद करायला त्यानं हात पुढे केला.

"राहू द्या की जरा."

सुमन होती. हातात निवडायला घेतलेली मेथी तशीच. ती केव्हापासून दाराशी उभी होती कुणास ठाऊक. पुढे येऊन ती त्याच्या बाजूला स्टुलावर टेकली आणि पडद्याकडे बघत राहिली.

"ह्या रस्त्यानं फुडं पाथर्डी लागती ना?"

"व्हय."

"आन त्येच्या फुडं कोरडगाव. त्येच्याही फुडं आमची वस्ती." तिनं त्या तपकिरी रिकाम्या जागेवर मेथीची काडी टेकवली. "इथं कुठंतरी आसंल."

गोरक्षनं तिच्याकडे वळून बघितलं. एवढ्या वर्षांत हे नाव त्याच्या नकाशात कधी आलं नव्हतं, त्याच्या मनातही नाही.

"तुला बघायचंय?" त्यानं विचारलं. "मग जाऊन येऊ की एक दिवस."

सुमन हसली, नेहमीसारखी चिडवायला नव्हे. "आई गेली, भावांच्या वाटण्या झाल्या. आता तिथं जाऊन उतरायचं कुनाच्या दारात? ह्याच्या दारात उतरलं तर त्याला राग, त्याच्या दारात उतरलं तर ह्याला." मेथीची काडी तिनं बोटाभोवती गुंडाळली. "वरनं बघितलं तर कुनाला काय बोलता येत न्हाई. म्हनून म्हनलं."

ही बाई रोज त्याच्या शेजारी होती. रोज गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

त्यानं टेबलाखालून कोरा ट्रेसिंग पेपर ओढला. पंखा बंद केला, कागद जमिनीवर पसरला आणि पेन्सिल घेऊन पोटावर पडला. सुमन म्हणाली, आत्ता कुठं, मेथी राहिलीये, उद्या करू. तो म्हणाला, "न्हाई. आत्ताच. सांग, वस्ती नदीच्या अलीकडं का पलीकडं?"

सुमननं मेथी बाजूला ठेवली, पदर खोचला आणि त्याच्या शेजारी कागदावर वाकली.

"पलीकडं," ती म्हणाली.